मिशिगनच्या घणाला कुंकू

अमेरिकेहून आल्यावर लोक मला दोनच गोष्टी विचारतात. धबधबा पाहिला का, आणि थंडी सोसली का. धबधबा पाहिला. पाणी आहे, खूप आहे. थंडीला कपडे घातले. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मी लिहिणार आहे ते एका लहान गावातल्या पुतळ्यांबद्दल, आणि त्यांच्यापायी आमच्यावर पोलीस आले त्याबद्दल. संदीपला विचारलं, छापायला देऊ का? तो म्हणाला, "आता दे."

संदीप माझा मुलगा. मिशिगन राज्यात नोव्हाय नावाचं गाव आहे, तिथे मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहे. त्याचे वडील भुसावळकडे रेल्वेत होते. आधी गँगमन, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतले, मग चावीवाले. रूळ जिथे खालच्या आडव्या स्लीपरला धरलेला असतो तिथे लोखंडी चाव्या असतात, त्या गाडीच्या धक्क्याने ढिल्या होतात. खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपल्या हद्दीतली लाइन पायी चालायची आणि ढिली दिसेल ती चावी ठोकायची, हे त्यांचं काम. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. हातोडा सरकारी होता, तो जमा केला. घरात त्यांचं एकही हत्यार नाही.

नोव्हाय

तिथे उतरल्यापासून मी एक पाहिलं. संदीप गाडी बैलगाडीसारखी चालवायचा. मागचे लोक वळसा घालून पुढे जायचे, कोणी काचेतून हात करायचे, हा आपला दोन्ही हातांनी चाक धरून ताठ.

मी म्हटलं, "भुसावळला मोटरसायकल कशी उडवायचास. आता काय झालं?"

"आई, चौदा वर्षं ग्रीन कार्डाच्या लाइनीत उभा आहे. आता नंबर आलाय. वकीलबाईंनी सांगितलंय, कुठे काही लागू द्यायचं नाही. पोलिसांनी साधा गुन्हा लिहून हातात दिला तरी फॉर्ममध्ये सांगावं लागतं. मग ते फाइल बाजूला ठेवतात, आणि बाजूला ठेवली की किती वर्षं, देव जाणे."

"आणि कार्ड नाही मिळालं तर?"

"मग नोकरीही राहत नाही. आणि नोकरी गेली की दोन महिन्यांत देश सोडायचा. घर, पोराची शाळा, सगळं इथंच टाकून."

पोरगा दहावीत आहे. त्याला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. त्याला आता भुसावळला आणून बसवायचं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ऑक्टोबर लागला तसे तिथल्या प्रत्येक घराच्या पायरीवर भोपळे आणि शेवंतीच्या कुंड्या आल्या. भोपळे खात नाहीत, नुसते मांडून ठेवतात. खंडेनवमी शनिवारी होती. आमच्याकडे त्या दिवशी गँगच्या हत्यारांच्या कोठीत पहारी, घण, फावडी धुऊन ओळीने मांडायचे. हळदकुंकू, फूल, मग मुकादम नारळ फोडायचा. हे गेले तरी मी दरवर्षी कोठीवर जाते. नवी पोरं आहेत, पण मला ओळखतात. या वर्षी चुकणार होतं.

सकाळी मी संदीपच्या लॅपटॉपला कुंकू लावलं, मिक्सरला लावलं, गाडीला लावलं. तो म्हणाला, "आई, आज तुला एक गंमत दाखवतो. माझ्या ऑफिसातला एक जण सांगत होता. इथून दोन तासांवर एक गाव आहे. तिथे रेल्वेच्या गँगमनचे पुतळे उभे केलेत."

"गँगमनचे?" मला खरं वाटेना. आमच्याकडे पुतळा होतो तो घोड्यावर बसलेल्याचा, नाहीतर बोट वर केलेल्याचा. पहार धरलेल्याचा कोण करतो?

सून नातवाला घेऊन त्याच्या पोहण्याच्या स्पर्धेला निघाली होती, म्हणून आम्ही दोघंच गेलो. दशम्या, लसणाची चटणी आणि लिंबाच्या फोडी डब्यात घेतल्या. पिशवीत आणखी काय घातलं ते संदीपला सांगितलं नाही.

पुतळे

रस्ता चांगला होता. दोन्ही बाजूंना मका वाळून उभा, कापायला माणूस कुठे दिसेना. झाडं लाल-पिवळी झालेली. लोक ती बघायला लांबून येतात म्हणे. पानं गळायच्या आधीची ती कळा आहे, पण दिसते छान.

गाव म्हणजे एक रस्ता, एक चर्च, एक बंद पडलेलं स्टेशन. स्टेशनला लागून लाइन चालू होती, रूळ घासून चकचकीत. मालगाड्या जातात, माणसांच्या गाड्या बंद झाल्या. आणि त्या बंद स्टेशनसमोर, दगडी ओट्यावर, खऱ्या रुळाचा तुकडा टाकून चार माणसं कामाला लागलेली. ब्राँझची, पुऱ्या उंचीची. दोघं पहारी घालून रूळ उचलताहेत. तिसऱ्याने घण डोक्यावर नेलाय. चौथा मुकादम, कमरेवर हात.

मी भोवती दोन चकरा मारल्या. पहारीवरची पकड बरोबर होती, एक हात वर एक खाली. पाठीचा बाकही बरोबर. घणवाल्याच्या सदऱ्यावर घामाची पट्टी होती, तीही बरोबर जागी. एक चूक सापडली, तिचं पुढे सांगते.

मग मी पिशवीतून हळदकुंकवाचा डबा काढला, तेलाची बाटली काढली, शेवंतीची फुलं काढली, आणि नारळ काढला.

संदीपचा चेहरा उतरला. "आई, इथे नको. घरी जाऊन करू."

"घरी कुठलं हत्यार आहे?"

"लॅपटॉपला लावलंस ना सकाळी!"

"त्याने चावी ठोकता येते का? एक टिळा लावते आणि निघू."

हळद तेलात कालवली, कारण कोरडी लोखंडाला धरत नाही. हा धातू वेगळा, पण सवय तीच. नारळाला आणि पहारींना लावली, मुकादमाला नाही, त्याच्या हातात काही नव्हतं. घण उंच होता. ओट्यावर चढून, टाचा उचलून, घणाच्या तोंडाला तेलात कालवलेलं कुंकू भरपूर लावलं. ओघळ दांड्यावर आला.

"नारळ फोड," मी म्हटलं.

"आई, प्लीज."

"तुझ्या बापाचं हत्यार आहे असं समज आणि फोड."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. लांबून एक बाई कुत्र्याला घेऊन येत होती. त्याने घाईने नारळ ओट्याच्या कडेवर आपटला. फुटला नाही. पुन्हा हात वर नेऊन जोरात आपटला. मोठा आवाज झाला, पाणी उडालं, करवंटीचा तुकडा रस्त्यावर गेला. ती बाई जागीच थांबली. कुत्रं भुंकायला लागलं. तिने आमच्याकडे पाहिलं, घणाकडे पाहिलं, आणि फोन कानाला लावत मागे वळली.

संदीप म्हणाला, "झालं. चल, गाडीत बस. चल."

मी खोबरं गोळा करत होते. तेवढा वेळ गेला.

पोलीस

गाडी भोंगा न वाजवता आली, नुसते दिवे फिरत. आमच्या गाडीच्या मागे आडवी लागली. पोलीस एकटीच होती, बाई, केस घट्ट बांधलेले, वयाने आमच्या सुनेपेक्षा लहान. पुढचं बोलणं इंग्रजीत झालं. मी ते नंतर संदीपकडून दोनदा विचारून घेतलं, म्हणून लिहिते.

संदीप ओठ न हलवता म्हणाला, "आई, हात बाहेर ठेव. पिशवीत घालू नको. अजिबात घालू नको."

मी हात बाहेर काढले. बोटं मनगटापर्यंत लाल. त्या बाईचा हात कमरेला गेला. मग तिने घण पाहिला, तोही लाल, दांड्यावरून ओघळ. ती दोन पावलं मागे सरली आणि विचारलं, "कोणाला लागलंय? रक्त कोणाचं?"

"पावडर," संदीप म्हणाला. "पावडर आहे. धर्माची."

"आणि दगडावर काय फोडलंत? फोन आला, एक माणूस पुतळा फोडतोय म्हणून."

फोनवर माणूस म्हटलं होतं, बाई नव्हे, म्हणजे नाव संदीपवर येत होतं. त्याचा चेहरा मी तो लहान असल्यापासून ओळखते. खोटं बोलायच्या आधी तो एकदा आवंढा गिळतो. त्याने आवंढा गिळला, माझ्याकडे बोट केलं आणि एक शब्द उच्चारला. डिमेन्शिया.

तो शब्द मला माहीत होता. नोव्हायच्या मराठी मंडळात एका काकूंच्या यजमानांना तो आजार आहे, तिथे दर भेटीला निघतो. घरचा पत्ता विसरतात ते.

मी संदीपकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तोंड उघडलं असतं तर माझ्या चार इंग्रजी शब्दांतही मी सांगू शकले असते की वेडी नाही. पण चौदा वर्षं आणि नातवाची शाळा त्या बाईच्या हातातल्या वहीत अडकली होती. मी मान खाली घातली. हिशेबाने तेच बरोबर होतं. राग आला तो आलाच.

तिने संदीपचं लायसन्स घेतलं आणि गावच्या एका माणसाला फोन केला. तो या पुतळ्यांची देखभाल करतो. तो येऊन सांगेल, नुकसान झालं की नाही. झालं असेल तर गुन्हा लिहायचा. नसेल तर बघू.

थांबून राहायचं म्हणजे मला जमत नाही. डब्यातली लिंबाची फोड काढली आणि पहार घासायला गेले. पितळ आम्ही लिंबाने नाहीतर चिंचेने लख्ख करतो. ती बाई ओरडली. संदीपने माझा हात धरून मागे ओढलं, दुखेल इतकं.

"आई, हात लावू नको! उभी राहा नुसती!"

तो माणूस आला. डेल नाव, सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यात वाकलेला, डोक्यावर जुनी टोपी. त्याने माझ्या हातातलं लिंबू बघून कपाळाला हात लावला. ब्राँझचा काळपट रंग आंबटाने उडतो, वरून मेण लावून तो जपलेला असतो, असं त्याने सांगितलं. घासलं असतं तर खरंच नुकसान झालं असतं. त्याने गाडीतून बादली काढली, साबणाचं पाणी केलं आणि मऊ फडक्याने हळूहळू पुसायला लागला. आम्ही तिघं बघत उभे. पहारी निघाल्या. घण निघाला. दगडावर नारळाच्या जागी मात्र हळदीचा पिवळा डाग राहिला. तेल दगडात मुरलं होतं. त्याने तीनदा घासलं. डाग तसाच. पोलीसबाईने वही उघडली.

तेवढ्यात लाइनीवर मालगाडी आली.

गाडी जाताना लाइनवरचा माणूस काम सोडून बाजूला होतो, गाडीकडे तोंड करून उभा राहतो आणि चाकांकडे बघतो. कुठे धूर, कुठे ठिणगी, कुठे काही लोंबतंय का. यांच्याबरोबर राहून ती सवय मलाही लागली. मी वळले आणि खाली बघत उभी राहिले. दोन इंजिनं गेली, मग डबे, डब्यांवर डबे चढवलेले. सगळी गाडी जाईपर्यंत माझी मान हलली नाही. आणि मग गाडी संपली. शेवटी गार्डचा डबा नाही, पाटी नाही, दिवा नाही. आमच्याकडे शेवटच्या डब्याला पाटी असते. ती दिसली तर गाडी पुरी. नाही दिसली तर गाडी तुटली, मागचा भाग कुठेतरी मोकळा उभा आहे आणि उतार असेल तर तो आपला आपण येणार.

मी वेडी आहे हे मी विसरले. संदीपचा दंड धरून ओरडले, "अरे, गाडी तुटलीय! गार्ड नाही मागे! सांग त्यांना! स्टेशनला कळवायला सांग!" आणि त्या बाईला माझे चार शब्द ऐकवले, "ट्रेन पार्टेड! डेंजर! डेंजर!"

डेल फडकं हातात घेऊन उभाच होता. तोही गाडीकडे तोंड करून, खाली चाकांकडे बघत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मोठ्याने हसला आणि लांब गेलेल्या शेवटच्या डब्याकडे बोट केलं. मला दिसेना. त्याने हाताने चौकोन केला आणि मूठ उघडझाप केली. तिथे एक लहान पेटी असते, लुकलुकणारी. गार्डच्या जागी आता ती. गाडी पुरी होती.

त्याने संदीपला विचारलं, "तुझी आई रेल्वेची आहे?"

उत्तराची वाट न बघता डेलने मला हाताने खूण केली, बोला. मग मला कशाला भीती. ती मघाची चूक होती ना, ती मी दाखवली. घणवाल्याचा एक पाय रुळावर होता. "याला सांगा, पाय खाली घे. रुळावर पाय ठेवणारा घसरतो. हा पहिल्याच दिवशी मरेल."

संदीपने ते कसंबसं सांगितलं. डेल पुतळ्याच्या त्या पायावर थाप मारत म्हणाला, "अगदी हेच मी मूर्तिकाराला सांगितलं होतं! तो म्हणाला, असंच चांगलं दिसतं." डेलची पस्तीस वर्षं लाइनवर गेली होती.

पोलीसबाई हसली नाही. ती संदीपला म्हणाली, "तुमच्या आई मला पूर्ण शुद्धीवर दिसतात." मग थोडं थांबून, "आणि तुमची बाही ओली आहे."

बाही कोपरापर्यंत ओली होती. खोबऱ्याचा एक कण अजून चिकटलेला.

संदीप म्हणाला, "मी फोडला." आणि मग सगळंच बोलला. कार्ड, चौदा वर्षं, फॉर्म. माझ्याबद्दल खोटं सांगितलं तेही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि लायसन्स तसंच हातात घेऊन गाडीत जाऊन बसली.

ती वीस मिनिटं आत होती. आम्ही दोघं ओट्याजवळ उभे. त्याने एकदा "आई" म्हटलं. मी म्हटलं, "आत्ता नको."

मी डेलला खुणेने सांगितलं, डागावर सावली येऊ देऊ नका, हळद उन्हाने उडते. वर सूर्याकडे बोट, मग डागाकडे, मग आठ बोटं. आठ दिवस. त्याने टोपी मागे सारून आभाळ पाहिलं. मिशिगनचं ऑक्टोबरचं आभाळ, ऊन म्हणायला नावाला. त्याने दहा बोटं दाखवली, मग आणखी दोन. मग पोलीसगाडीच्या काचेपाशी गेला आणि बराच वेळ वाकून बोलला.

ती बाहेर आली तेव्हा हातात एक कागद होता. गुन्हा नव्हता, लेखी समज होती. पुन्हा असं करू नये. डाग गेला नाही तर मात्र डेल कळवेल आणि मग बघू. लायसन्स परत देताना ती संदीपला एक वाक्य बोलली. ते त्याने गाडीत मला सांगितलं नाही, रविवारी सांगितलं. "पुढच्या वेळी आईच्या मागे लपू नका."

परत नोव्हाय

दशम्या तशाच राहिल्या.

सोमवारी त्याने वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, समज म्हणजे गुन्हा नाही, पण मुलाखतीत निघालंच तर आपल्याकडे खरी हकीगत लिहून असू दे. संदीप दोन दिवस लिहीत बसला. मग कागद घेऊन माझ्या खोलीत आला आणि मराठीत करून वाचायला लागला. माझे वडील रेल्वेत गँगमन होते, असं त्यात होतं. मी थांबवलं. "चावीवाले लिही. शेवटची अकरा वर्षं चावीवाले होते." त्याने ते बदललं. नोव्हायमध्ये तो लोकांना "वडील रेल्वेत होते" एवढंच सांगतो, पुढे जात नाही, हे मी पाहिलं होतं. या कागदात हद्द किती किलोमीटरची तेही लिहिलं होतं.

शेवटी एक वाक्य होतं. माझी आई त्या दिवशी पूर्ण शुद्धीवर होती, आणि ती आजारी आहे असं मी पोलिसांना सांगितलं ते भीतीपोटी खोटं सांगितलं.

वकीलबाईंकडून कागद परत आला तेव्हा त्या वाक्यावर लाल रेघ होती. पोलिसांना खोटं सांगितलं असं कोणी आपल्या हाताने लिहितं का, असं त्या फोनवर ओरडल्या म्हणे. त्याने ते वाक्य काढून नवा कागद केला आणि सही केली.

बाराव्या दिवशी डेलने फोटो पाठवला. दगड स्वच्छ होता. कोपऱ्यात घणवाल्याचा पाय, अजून रुळावरच.

मी नोव्हेंबरात परत आले. कार्ड मार्चमध्ये आलं. संदीपने फोनवर ते कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं. मी विचारलं, मुलाखतीत त्या कागदाबद्दल काय म्हणाले? तो म्हणाला, "एक शब्द विचारला नाही. कोणी पाहिलासुद्धा नाही."

लाल रेघेचा कागद निघायच्या दिवशी मी मागून घेतला होता. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण रेघ कुठल्या वाक्यावर आहे ते माहीत आहे. यांच्या पेन्शनच्या कागदांबरोबर पेटीत ठेवलाय.